अकराव्या फेऱ्यानंतर

आमच्या घरातली एक गोधडी माझ्याबरोबर बरेच देश फिरून आली आहे आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी तिच्यावर वाकून मला तोच प्रश्न विचारला आहे. गोधडी कडेनं आत शिवत नेतात, चौकोनी फेरे घालत, एकाच्या आत दुसरा. या गोधडीचे पहिले अकरा फेरे एका दिशेनं जातात, टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि सरळ. बाराव्या फेऱ्याला दोरा कोपऱ्यावर थांबतो, वळतो आणि उलट्या दिशेनं चालू लागतो, तो पार मधोमध पोचेपर्यंत. टाके लांब होतात, तिरपे होतात, काही ठिकाणी एकमेकांवर चढतात. हे असं का, असं लोक विचारतात. मी आजवर याची दोन उत्तरं दिली आणि दोन्ही खोटी होती. आता एका परदेशी संग्रहालयाला ती गोधडी कायमची ठेवून घ्यायची आहे. त्यांनी एक फॉर्म पाठवला आहे. कापड कोणतं, दोरा कोणता, शिवणारी कोण, आणि शेवटी एक रकाना आहे, नुकसान व त्याचे कारण. बाकीचा फॉर्म मी चहा पितापिता भरून टाकला. तो एक रकाना तीन आठवडे रिकामा आहे. तेव्हा तो भरायच्या आधी सगळं इथे मराठीत लिहून काढते.

विठ्ठलवाडीला बस डेपोच्या मागे चाळीत आमची एक खोली होती. आई, वडील आणि मी. वडिलांना मी दादा म्हणायची. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर दादांची वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावलेली. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या कारखान्यातून आई घरी काम आणायची, सुटे धागे कापायचे आणि पितळी बटणं ठोकायची. बटण ठोकायला तिच्याकडे रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा होता. त्यावर पँटची कंबर ठेवायची, बटण बसवायचं आणि आखूड दांड्याच्या हातोडीनं दोन ठोके घालायचे. पहिला हलका, दुसरा जोरात. ठक, ठाक. माझं बालपण या आवाजात गेलं. पाढे मी त्याच तालावर पाठ केले. खोलीला निळीचा वास, आईची बोटं निळी, चाळीमागच्या नाल्याचं पाणीही निळं. दुपारी सुक्या बोंबलाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी, आणि भाकरीच्या कडेला कधी कधी निळा अंगठा उमटलेला असे. तो तुकडा आई स्वतःच्या ताटात घ्यायची, कारण दादांच्या ताटात तो दिसला की काय व्हायचं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. ते दारू पीत नसत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ऐकणारे लोक लगेच मान डोलावतात आणि म्हणतात, हो, दारू. दारू नव्हती. चाळीतल्या मुलांचे अर्ज ते फुकटात लिहून देत. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं, शब्द चुकला तर हसून दुरुस्त करत. माझ्यावर त्यांनी कधी बोट उचललं नाही. आईला मात्र ते शुद्धीवर राहून, नीट लक्ष देऊन मारत. आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे. ते काचेला धक्का लागणार नाही असं पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवायचे. टिक्, एवढाच आवाज. त्या आवाजासरशी आईच्या हातातली हातोडी खाली यायची. मग ते दाराची कडी लावायचे आणि तिचे केस मनगटाला गुंडाळून घ्यायचे. एकदा मीठ जास्त झालं म्हणून तिचं तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं, तेव्हा तिचा पुढचा दात पडला. तो मी वाटीत उचलला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. एकदा शेजारणीशी मोठ्यानं हसली म्हणून लाथ घातली, तेव्हा बरगडी गेली आणि ती दीड महिना वाकून चालत होती. सरकारी दवाखान्यात ती दर वेळी सांगायची, मोरीत पडले. तिथला कंपाउंडर म्हणायचा, बाई, तुमची मोरी बदला. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ब्र काढत नव्हतं. मार संपला की दादा घड्याळ परत बांधायचे, किल्ली द्यायचे आणि मला म्हणायचे, चल, धडा काढ. आणि मी काढायची. याचा मला आजही राग येतो, त्यांचा जेवढा येतो तेवढाच माझाही.

कारखाना ज्यांचा होता त्या सिंधी कुटुंबातल्या म्हाताऱ्या बाईला सगळे अम्मा म्हणत. माल द्यायला-आणायला मी जायची आणि अम्मा मला बसवून घ्यायच्या, कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, कोकी, आणि पापड पुढे ठेवायच्या. त्यांच्या पलंगावर एक रल्ली, म्हणजे सिंधी गोधडी, होती, सिंधमधून आणलेली, लहान लहान तुकड्यांची, तांबडी-पिवळी. ती अंथरलेली मी कधी पाहिली नाही, नेहमी घडी घातलेली. पुढे जुनं कापड जपणं हाच माझा धंदा झाला, त्याचा पहिला धडा मला त्यांनी दिला. रल्लीची मागची बाजू वर करून म्हणाल्या, "देख छोकरी, आगे से सब रल्ली अच्छी दिसते. पीछे बघायचं. शिवणारी कशी होती ते पीछे लिखा असतं." एकदा आई स्वतः माल घेऊन गेली, डोळा सुजलेला, पदर ओढून घेतलेला. अम्मांनी पदर बाजूला केला आणि कारखाना ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "अदी, मेरी बहन, तेरा मरद है के कसाई? इधर राहा ना, ऊपर कमरा खाली है." आई म्हणाली, "पोरीची शाळा आहे, अम्मा." बस. तेवढ्यावर तो विषय संपला. जाताना अम्मांनी तिला कातरणांचं गाठोडं दिलं आणि वर चार कोकी.

मी चौदा वर्षांची असताना माझी आजी, म्हणजे आईची आई, गावी वारली. दादांनी आईला जाऊ दिलं नाही. त्या दिवशी घरी डबा कोण भरणार, असं म्हणाले. पंधरा दिवसांनी मामा आजीची लुगडी फडक्यात बांधून देऊन गेला, चहासुद्धा न घेता. आमच्याकडे गेलेल्या बाईची लुगडी फेकत नाहीत, कुणाला देतही नाहीत. त्यांची गोधडी करतात. तिची लुगडी आत, पोटात घालायची आणि वरून-खालून जिवंत लेकीची साडी लावायची, म्हणजे आई लेकीच्या पोटात राहते. आणि ती गोधडी मधोमध बंद होईपर्यंत तिच्यावर पाय द्यायचा नाही. शिवणारी बसते ती कडेला, हात लांब करून, अंग मोडून. आईनं आपली लग्नातली हिरवी साडी काढली. आमची खोली दहा बाय बाराची. गोधडी अंथरली की भिंतीकडेनं चालायला फूटभर जागा उरायची. म्हणून दादा कंपनीत गेले की ती अंथरायची आणि ते यायच्या आत गुंडाळून ठेवायची. रोज एक फेरा. शिवताना तिचं तोंड हलत असायचं. रडत होती की आजीशी बोलत होती, मी विचारलं नाही.

अकरा फेरे झाले होते. तो शुक्रवार होता. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी असते. दादा सकाळीच एका मित्राकडे अंबरनाथला गेले होते आणि संध्याकाळी येतो म्हणाले होते, म्हणून आईनं धीर करून गोधडी अंथरली. कोपऱ्यांवर वजनं ठेवली, तीन दगड आणि चौथ्यावर तो रुळाचा तुकडा, हातोडीसकट. मी सकाळच्या शाळेतून येऊन दाराशी बसून सुईत दोरे ओवून देत होते. साडेबाराला सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मित्र भेटला नव्हता. दादा दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या खोलीभर नजर फिरवली. "जेवण?" आई म्हणाली, "पीठ मळलंय. दहा मिनिटं द्या." ते आत यायला लागले. पायात चपला होत्या. माझी आई, जिनं त्या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली, "चपला काढा. कडेनं या. आई आहे ती."

दादांनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग मुद्दाम, सावकाश, गोधडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चपलेनं हिरवी साडी रगडली. "ही आई? कुठाय? दाखव." आणि घड्याळ काढलं. ट्रंकेपर्यंत पोचायला त्यांना परत गोधडी तुडवावी लागली. टिक्. आई उठली नाही. तिनं दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला आणि तो उचलायला लागली, जड पाटा उचलावा तसा. त्यांनी तिच्या केसांना धरून तिला ओढली आणि गुडघा तिच्या तोंडावर मारला. रक्त हिरव्यावर पडलं, ते डाग अजून आहेत. मग ते तिच्यावर बसले. नेहमीसारखं नव्हतं ते. नेहमी ते मोजून मारायचे, आज त्यांचे हात नुसते चालत होते, मानेवर, कानावर, छातीवर. आई ओरडत नव्हती, तिच्या घशातून घरघर येत होती. त्यांचा एक हात तिच्या गळ्यावर होता. तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि मला वाटलं, आज ही मरणार.

मी हातोडी उचलली. राग होता, भीती होती असं लिहिलं तर ते सोयीचं होईल, पण मला आठवतं ते इतकंच की माझं डोकं अगदी स्वच्छ होतं. दादांची पाठ माझ्याकडे होती, टाळू दिसत होती, तेल लावून नीट भांग पाडलेली. दोन ठोके, मला वाटलं. पहिला हलका, दुसरा जोरात. नाही, एकच, जोरात. मी दोन्ही हातांनी हातोडी डोक्यावर नेली आणि खाली आणली, आणि त्याच क्षणी आईचा उजवा हात खालून वर आला आणि दादांच्या टाळूवर पसरला. तळवा त्यांच्या केसांवर, मागची बाजू माझ्याकडे. हातोडी त्या हातावर बसली. तो आवाज ठाक असा नव्हता. ओलं लाकूड मोडल्यासारखा होता. आई तेव्हा ओरडली, पहिल्यांदा आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी. दादा बाजूला कलंडले, त्यांच्या कपाळावरून थोडं रक्त येत होतं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. मी ती परत उचलायला लागले होते. खरं सांगते, लागले होते. आईनं डाव्या हातानं माझा परकर धरला.

दवाखान्यात तिची दोन बोटं आणि तळहाताची हाडं चूर झालेली निघाली. तो कंपाउंडर कागद घेऊन आला आणि सवयीनं म्हणाला, "मोरी?" मी तोंड उघडलं होतं. आई माझ्याआधी बोलली, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "नवऱ्यानं हातोडी मारली. लिहा." इतक्या वर्षांच्या मारात ती एकदाही हे बोलली नव्हती, आणि जो घाव त्यांनी घातलाच नव्हता त्यासाठी बोलली. संध्याकाळी पोलीस आले. दादा बाहेर बाकावर बसले होते, डोक्याला पट्टी. हवालदारानं विचारलं, "तूच मारलंस?" दादांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. मीच." त्यांना चौकीत नेलं आणि तिथे पट्ट्यानं बडवलं. दोन दिवसांनी ते लंगडत घरी आले, तेव्हा त्यांची पाठ मी बघितली, वळच वळ उठलेली. मला वाईट वाटलं नाही. पोरीनं डोक्यात हातोडी घातली हे सांगायची लाज म्हणून ते गप्प राहिले, की मला वाचवायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि त्यांनी मरेपर्यंत कळू दिलं नाही.

त्यानंतर त्यांनी कधी हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला. पण तो वर गेला की ते आधी माझ्याकडे बघायचे आणि मग तो हळूहळू खाली यायचा. मी रुळाच्या तुकड्याकडे बघायची. मला ते आवडायचं. दहावीपर्यंत मी ते घर डोळ्यांनी धाकात ठेवलं आणि त्या वयात मला त्याचा अभिमान वाटायचा. आई मात्र माझ्याशी फारशी बोलेनाशी झाली होती. तिचा उजवा हात पंजासारखा वळून राहिला, बटणं ठोकायचं काम सुटलं. तीन महिन्यांनी तिनं गोधडी पुन्हा अंथरली, दिवसाउजेडी, दादा घरात असताना. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. तिनं सुई डाव्या हातात घेतली. डाव्या हाताला उजवीकडून डावीकडे जाता येईना, म्हणून तिनं कोपऱ्यावरून फेरा उलटा घेतला. सुई बोटात घुसायची, ती चोखून पुढचा टाका घालायची. मी दोरे ओवून देत होते. "मी शिवू का?" असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "तू हात नको लावू." ते शब्द घेऊन मी घराबाहेर पडले. अम्मांनी दिलेल्या कातरणांतून केलेलं काम दाखवून कला महाविद्यालयात गेले, मग जुनं कापड जपायचं शिक्षण घेतलं, मग ते जगभर शिकवत फिरले. तू हात नको लावू, आणि मी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही.

पहिल्यांदा परदेशात शिकवायला गेले तेव्हा सोबत ही गोधडी होती. एका बाईनं विचारलं, फेरा उलटा का? मी तिशीची, इंग्रजी दादांच्याच वळणाचं, वर्गात वीस जणी वह्या उघडून बसलेल्या. मी म्हणाले, आमच्याकडे तशी रीत आहे, अर्ध्यावर फेरा उलटा घ्यायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. त्यांनी लिहून घेतलं. हे माझं पहिलं उत्तर. पुढे काळ बदलला, घरातला मार जगासमोर सांगायची सोय झाली, तेव्हा मी दुसरं उत्तर दिलं. माझ्या वडिलांनी आईचा हात मोडला आणि तिनं डाव्या हातानं गोधडी पूर्ण केली. लोक रडायचे. उभं राहून टाळ्या वाजवायचे. एका प्रदर्शनात ते गोधडीशेजारच्या पाटीवर छापलं गेलं. दादा तोवर वारले होते, त्यामुळे हरकत घेणारं कुणी नव्हतं. आणि पन्नास वेळा सांगितल्यावर मलाही ते पटायला लागलं होतं. जुन्या कापडाला खोटा इतिहास चिकटवू नका, म्हणून मी विद्यार्थ्यांना झापते, अगदी रडवते. ते मला घाबरतात.

आता आई आणि मी बदलापूरला बेलवलीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. ती ब्याऐंशीची आहे, कान शाबूत, जीभ त्याहून. मागच्या महिन्यात एक पार्सल आलं. परदेशातल्या ज्या शाळेत मी पहिल्यांदा शिकवलं होतं तिथल्या आजच्या मुलींनी माझ्यासाठी तीन गोधड्या करून पाठवल्या होत्या. सोबत पत्र होतं, तुमच्या आईच्या परंपरेप्रमाणे शिवल्या आहेत. मी एकेक पलंगावर पसरली. सुरेख काम. आणि तिन्हींत, अकराव्या फेऱ्यानंतर, दोरा कोपऱ्यावर वळून उलटा गेलेला. मोजून अकरा. पुढचे टाके मुद्दाम लांब, मुद्दाम तिरपे. आईनं अम्मांसारखं एक गोधडी उलटवली, वाकड्या बोटांनी मागची बाजू चाचपली, बराच वेळ. मग म्हणाली, "गं, या पोरींचे पण हात कुणी मोडले का?"

मला हसता आलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "तू हात का घातलास मध्ये? त्याला का वाचवलंस?"

"त्याला?" आई खरोखर चकित झाली. "त्याचं फुटलं असतं तर फुटलं असतं. मला काय. पोलिसांनी तुला नेली असती ना गं. चौदा वर्षांची पोर. मी कशाला त्याला वाचवू?"

"मग मला 'हात नको लावू' का म्हणालीस?"

"तुझे हात थरथरायचे सुई ओवताना. तेवढंसुद्धा तुला आठवत नाही?" ती गोधडीची घडी घालायला लागली, डाव्या हातानं सफाईनं. "वाटलं, ही परत काही उचलेल. म्हणून म्हटलं, बाई, लांब बस."

मी सगळं सांगितलं, रीत, पाटी, टाळ्या, फॉर्म. "आता खरं लिहिणार आहे," मी म्हणाले.

"लिही की. पण त्यानं मारलेलं पण लिही. दात लिही, बरगडी लिही. एकदा गप्प बसला म्हणून त्याला देव नको करू. आणि त्या पोरींना कळव, सरळ शिवा म्हणावं."

ते पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. मग फॉर्म घेतला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, बारावा फेरा ते मध्य, डाव्या हाताने शिवलेला, कारण उजवा हात हातोडीच्या एका घावाने मोडला. घाव घालणारीचं नाव लिहायला जागा नव्हती. माझी सही फॉर्मच्या खाली करायची होती, ती मी त्या रकान्यातच केली.